फेरविचार आणि नाकार : ‘रिव्हिजनिस्ट’ या शब्दाची कहाणी

‘रिव्हिजन’ हा शब्द शाळेत कोणालाच नवा नाही. परीक्षा जवळ आली की पोर्शन संपवायचा आणि रिव्हिजन घ्यायची, म्हणजे झालेल्या धड्यांची उजळणी करायची. न्यायालयात ‘रिव्हिजन’ अर्ज करतात तेव्हा अर्थ थोडा बदलतो. खालच्या न्यायालयाने दिलेला निकाल वरच्या न्यायालयाने पुन्हा तपासावा, अशी ती मागणी असते. मतदार याद्यांचेही असेच पुनरीक्षण होत असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पुन्हा पाहणे’ एवढाच आहे, आणि पुन्हा पाहण्यात गैर काहीच नाही. पण याच शब्दाला ‘इस्ट’ हा प्रत्यय लागून ‘रिव्हिजनिस्ट’ तयार झाला की त्याचा नूर पालटतो. गेल्या सव्वाशे वर्षांत हा शब्द कधी शिवी म्हणून वापरला गेला, कधी पदवी म्हणून मिरवला गेला, तर कधी बुरखा म्हणून पांघरला गेला. त्यामुळे कोणी एखाद्या इतिहासकाराला ‘रिव्हिजनिस्ट’ म्हटले, तर ती स्तुती आहे की निंदा, हे शब्दावरून कळत नाही.

भाषांतराने हा घोटाळा आणखी वाढतो. हिंदीत या शब्दासाठी ‘संशोधनवादी’ हा प्रतिशब्द रूढ आहे, कारण हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. तिकडे ‘संविधान संशोधन’ म्हणतात, तिला आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो. मराठीत मात्र संशोधन म्हणजे शोध घेण्याचे शास्त्रीय काम. तेव्हा ‘संशोधनवादी’ हा शब्द मराठी कानाला गौरवाचाच वाटेल! काही जण ‘सुधारणावादी’ असे भाषांतर करतात, पण महाराष्ट्रात हा शब्द रानडे-आगरकरांच्या परंपरेशी इतका घट्ट जोडलेला आहे की तोही येथे चालत नाही. संस्कृतात ‘संशोधन’ म्हणजे शुद्ध करणे, दोष काढून टाकणे. म्हणजे हिंदी आणि मराठी अर्थांचे मूळ एकच आहे. जो संशोधन करतो तो आधीच्या ज्ञानातील दोष काढतो, म्हणजेच तो व्यवसायानेच ‘रिव्हिजनिस्ट’ असतो. मग हा शब्द शिवी कसा झाला? त्यासाठी त्याचा प्रवास पाहावा लागेल.

फेरतपासणी मागणारे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. डिसेंबर १८९४ मध्ये आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याला डेव्हिल्स आयलंड या बेटावर धाडले. त्याच्याविरुद्धचा पुरावा तकलादू होता. १८९६ मध्ये पिकार या अधिकाऱ्याच्या लक्षात आले की खरा गुन्हेगार एस्तेरहाझी नावाचा दुसराच अधिकारी आहे. वरिष्ठांनी पिकारचीच उचलबांगडी केली. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोला याने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले जाहीर पत्र छापून आले आणि देश दुभंगला. ड्रेफसच्या खटल्याची ‘रिव्हिजन’ व्हावी असे म्हणणाऱ्यांना ‘रिव्हिजनिस्ट’ म्हटले जाऊ लागले. विरोधकांच्या तोंडी त्याचा अर्थ होता सैन्याचा अपमान करणारे, देशद्रोही.

या प्रकरणाला निर्णायक वळण एका साध्या निरीक्षणाने मिळाले. ड्रेफसला दोषी ठरवणारे एक पत्र लष्कराच्या गुप्त फायलीत होते. ऑगस्ट १८९८ मध्ये क्विग्ने नावाचा अधिकारी दिव्याच्या उजेडात ते पत्र तपासत होता. कागदावरील बारीक छापील रेघांचा रंग वरच्या-खालच्या भागात एक आणि मधल्या भागात दुसराच आहे, हे त्याला दिसले. दोन वेगवेगळे कागद चिकटवून ते पत्र तयार केलेले होते. बनावट करणारा कर्नल आंरी याने कबुली दिली, त्याला अटक झाली आणि कोठडीत त्याने आत्महत्या केली. विशेष म्हणजे हा क्विग्ने ड्रेफसच्या बाजूचा नव्हता. तरी डोळ्यांना दिसले ते त्याने वरिष्ठांना सांगितले. १८९९ मध्ये फेरखटला झाला, त्यात ड्रेफसला पुन्हा दोषी ठरवून मग माफी देण्यात आली. आणि अखेर जुलै १९०६ मध्ये त्याचे निर्दोषत्व मान्य झाले. ‘रिव्हिजनिस्ट’ खरे ठरले, पण त्याला बारा वर्षे लागली.

पक्षातला पाखंडी

त्याच सुमारास जर्मनीत या शब्दाला दुसरा, अधिक टिकाऊ अर्थ चिकटला. एडुआर्ट बर्नस्टाइन (१८५०–१९३२) हा बर्लिनमधल्या रेल्वे इंजिनचालकाचा मुलगा. बँकेत कारकुनी करता करता तो समाजवादी चळवळीत आला. १८७८ मध्ये बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कायदा केला तेव्हा तो देशाबाहेर होता. पुढची वीसेक वर्षे त्याने आधी झुरिकला आणि मग लंडनला काढली. लंडनमध्ये तो फ्रीडरिश एंगल्सच्या निकटच्या वर्तुळात होता. एंगल्सने आपल्या कागदपत्रांची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली त्यांत बर्नस्टाइनही होता. म्हणजे हा माणूस मार्क्सवादाच्या अगदी घरातला.

१८९६ ते १८९८ या काळात त्याने पक्षाच्या सैद्धांतिक नियतकालिकात एक लेखमाला लिहिली, आणि १८९९ मध्ये आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले. मार्क्सच्या सिद्धांतावरून काही भाकिते निघत होती. भांडवल मूठभरांच्या हाती एकवटत जाईल, मधला वर्ग नाहीसा होईल, छोटे कारखाने आणि छोटी शेते संपतील, आर्थिक अरिष्टे उत्तरोत्तर तीव्र होत जाऊन व्यवस्था कोसळेल. बर्नस्टाइनने जर्मनी-इंग्लंडमधली प्राप्तिकराची, शेतजमिनीची, कारखान्यांची आकडेवारी पुढे ठेवली आणि म्हटले की तसे घडताना दिसत नाही. मालमत्ता असणाऱ्यांची संख्या वाढते आहे, छोटे उद्योग तग धरून आहेत, भागभांडवलाच्या कंपन्यांमुळे मालकी काही प्रमाणात विखुरते आहे. मग कोसळण्याची वाट पाहत बसण्याऐवजी मताधिकार, कामगार संघटना आणि कायदे यांच्या बळावर पायरीपायरीने समाजवाद आणावा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. सिद्धांतावरून भाकीत करायचे, ते निरीक्षणाशी ताडून पाहायचे आणि जुळले नाही तर सिद्धांताला हात घालायचा. मार्क्सवाद स्वतःला शास्त्रीय समाजवाद म्हणवत असे, तेव्हा त्याने ही कसोटी आनंदाने स्वीकारायला हवी होती. पण रोझा लक्झेंबर्गने त्याच्यावर तिखट पुस्तिका लिहिली, कार्ल काउट्स्की या जुन्या मित्रानेही विरोध केला. पक्षाचा एक चिटणीस इग्नाझ आउअर याने त्याला खाजगी पत्रात मित्रत्वाने सुनावले, की अरे बाबा, असल्या गोष्टी ठराव करून बोलायच्या नसतात, त्या नुसत्या करायच्या असतात! १९०३ च्या ड्रेस्डेन अधिवेशनात पक्षाने ‘रिव्हिजनिझम’चा निषेध केला.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लक्झेंबर्गचे सगळेच आक्षेप पोथीनिष्ठ नव्हते. आर्थिक अरिष्टांची धार बोथट झाली, हे बर्नस्टाइनचे मत १९२९ च्या महामंदीने फारसे खरे ठेवले नाही. म्हणजे दुरुस्ती सुचवणारा सर्वच बाबतीत बरोबर होता असे नव्हे. त्या वादात दोन्ही बाजू अजून आकड्यांविषयी बोलत होत्या, हे महत्त्वाचे. नंतर तेही संपले. लेनिनने १९०८ मध्ये या शब्दाला आपल्या वादविवादाच्या शस्त्रागारात पक्की जागा दिली, आणि पुढे तो शब्द एक शिक्का झाला. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाला साम्यवादी गटातून काढले, तेव्हा टिटोवर तो बसला. १९६० नंतर चीनने तो सोव्हिएत नेत्यांवर मारला. भारतात १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा बाहेर पडलेल्यांनी मूळ पक्षाला हेच विशेषण लावले. आणि १९६७ च्या नक्षलबारीनंतर जे आणखी डावीकडे गेले त्यांनी या बाहेर पडलेल्यांनाच ‘नव-रिव्हिजनिस्ट’ ठरवले. शिक्का मारणारा हात बदलत गेला, पण ‘तुझे आकडे चुकीचे आहेत’ या वाक्याची जागा ‘तू कोणाचा आहेस’ या प्रश्नाने घेतली, ती कायमची.

इतिहासकारांचा रोजचा धंदा

पहिल्या महायुद्धानंतर हा शब्द इतिहासलेखनात शिरला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील कलम २३१ नुसार युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली गेली. पुढे दफ्तरखाने उघडले, निरनिराळ्या देशांची गुप्त कागदपत्रे छापली गेली, आणि अमेरिकेतील सिडनी फे याने १९२८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की जबाबदारी अनेक राजधान्यांत वाटलेली होती. अशा लेखकांना ‘रिव्हिजनिस्ट’ म्हणत, आणि त्यात हेटाळणी फारशी नव्हती. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मनीच्याच दफ्तरांतून युद्धाची उद्दिष्टे शोधून काढली आणि दोषाचा काटा पुन्हा जर्मनीकडे झुकवला. त्याला मायदेशात शिव्या खाव्या लागल्या. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्कने सगळ्याच सत्तांच्या आंधळेपणावर भर देऊन काटा पुन्हा थोडा सरकवला.

‘म्हणजे इतिहासकारांचे काही ठरतच नाही,’ असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याला पदार्थविज्ञानातले एक उदाहरण द्यावे. मिलिकनने तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला, त्याचे मूल्य सीजीएस पद्धतीत ४.७७४ (गुणिले दहाचा उणे दहावा घात) असे आले. आजचे मूल्य ४.८०३ आहे. फरक शेकडा ०.६ चा. १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या मोजमापांशी ताळा जुळेना, म्हणून शोध घेतला तेव्हा दिसले की मिलिकनने हवेच्या श्यानतेसाठी वापरलेला आकडाच किंचित कमी होता. दुरुस्ती झाली. मिलिकनचे नाव पुसले गेले नाही, आणि ‘इलेक्ट्रॉनला प्रभारच नाही’ असेही कोणी म्हटले नाही. खरा फेरविचार असा असतो. तो मागच्या पुराव्यात भर घालतो आणि कोणता आकडा, कोणत्या कारणाने, किती बदलला ते सांगतो.

मराठी वाचकाला याचे घरचे उदाहरण ठाऊक आहे. जुन्या शालेय पुस्तकांत शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ असे दिलेले असे. त्याला आधार होता तो मुख्यतः बखरींचा. त्यांतल्या बऱ्याचशा महाराजांच्या पश्चात लिहिलेल्या. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याच्या दफ्तरातली शकावली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका कागदावर विसंबून कोणी तारीख बदलत नाही. पुढे कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे समकालीन काव्य तंजावरहून मिळाले आणि १९२७ मध्ये छापले गेले. त्यातही तीच तिथी निघाली. जोधपूरला सापडलेल्या एका कुंडलीनेही तीच तारीख दिली. पुणे, तंजावर आणि जोधपूर ही तीन एकमेकांपासून दूरची ठिकाणे, पण उत्तर एकच. शिवाय वाराचा ताळाही बसतो. ज्युलियन पद्धतीने १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे. एवढे असूनही वाद दीर्घकाळ चालला. १९६६ मध्ये शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यात एकमत झाले नाही, आणि २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ज्यांनी ही दुरुस्ती सुचवली त्यांनी महाराजांचा अवमान केला असे आज कोणी म्हणणार नाही. मंडळाच्या नावात ‘संशोधक’ हा शब्द आहे तो याच अर्थाने.

बुरखा

आता या शब्दाच्या सर्वात काळ्या वापराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. याचे पुरावे नाझींच्या स्वतःच्या कागदपत्रांत, छावण्यांच्या बांधकामाच्या नकाशांत, अधिकाऱ्यांच्या कबुलीजबाबांत, लोकसंख्येच्या आकड्यांत आणि वाचलेल्यांच्या साक्षींत आहेत. तरीही हे घडलेच नाही, निदान सांगितले जाते तसे घडले नाही, असे म्हणणारा एक गट युद्धानंतर उभा राहिला. आपण ‘नाकारणारे’ आहोत असे तो म्हणत नसे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात या गटाने एक ‘संस्था’ काढली, तळटिपांनी भरलेले एक नियतकालिक चालवले आणि स्वतःला ‘रिव्हिजनिस्ट’ हे नाव घेतले. शब्द हेतुपूर्वक निवडलेला होता. पहिल्या महायुद्धावर लिहिणाऱ्या ‘रिव्हिजनिस्टां’पैकी हॅरी एल्मर बार्न्स हा अमेरिकन लेखक उतारवयात याच वाटेला गेला होता, त्यामुळे वारसा सांगायलाही सोय होती. आपण फक्त प्रश्न विचारतो, दुसरी बाजू मांडतो, हा त्यांचा पवित्रा. फ्रान्समध्ये आंरी रुसो या इतिहासकाराने १९८७ मध्ये या लोकांसाठी ‘नेगास्योनिझम’, म्हणजे नाकारवाद, हा वेगळा शब्द वापरला, तो यासाठीच की चांगला शब्द त्यांच्या हाती जाऊ नये.

या गटाने विज्ञानाचाही आधार घेतल्याचे सोंग केले, म्हणून आपण त्याकडे विशेष पाहिले पाहिजे. १९८८ मध्ये फ्रेड लॉइश्टर नावाचा अमेरिकन माणूस आउश्विट्झला गेला आणि विषारी वायूच्या कोठड्यांच्या भग्न भिंतींचे तुकडे छिन्नीने फोडून घेऊन आला. ते कोठले आहेत हे न सांगता त्याने प्रयोगशाळेत सायनाइडसाठी तपासायला दिले. सायनाइड फारच थोडे निघाले, म्हणून तेथे माणसे मारलीच नव्हती असा निष्कर्ष त्याने छापला. रसायनशास्त्र जाणणाऱ्याला यातल्या दोन चुका दिसतील. एक, सायनाइड भिंतीच्या पृष्ठभागावरच, सुमारे दहा मायक्रॉन खोलीपर्यंत, विक्रिया करते. केसाची जाडीही त्याच्या अनेकपट असते. जाड तुकडा दळून तपासला तर पृष्ठभागावरचा अंश आतल्या स्वच्छ चुन्या-विटांत मिसळून नगण्य होणार. नमुने तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञानेच पुढे हे सांगितले. दोन, कपड्यांतल्या उवा मारायला हा वायू हजारोंच्या पटीत (दर दशलक्ष भागांत) आणि तासन्‌तास लागतो. माणूस मात्र सुमारे तीनशे भागांतच थोड्या वेळात मरतो. म्हणून कपडे निर्जंतुक करण्याच्या खोल्यांत सायनाइड जास्त आणि माणसांच्या कोठड्यांत कमी असणे अपेक्षितच होते. क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने पुढे अधिक संवेदनशील पद्धतीने, पृष्ठभागाचे नमुने घेऊन काम केले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. कोठड्यांच्या अवशेषांत सायनाइडची संयुगे मिळाली. तुलनेसाठी घेतलेल्या राहत्या बराकींच्या नमुन्यांत मिळाली नाहीत. ज्याला ‘नियंत्रित नमुना’ म्हणतात तो येथे होता, लॉइश्टरच्या कामात त्याचा असा उपयोगच नव्हता.

लंडनचा खटला

डेव्हिड अर्व्हिंग हा दुसऱ्या महायुद्धावर पुष्कळ वाचली गेलेली पुस्तके लिहिणारा इंग्रज लेखक. लॉइश्टरचा अहवाल इंग्लंडमध्ये त्यानेच उचलून धरला. अमेरिकेतल्या प्राध्यापिका डेबोरा लिपस्टाट यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात त्याला नाकारणाऱ्यांपैकी एक म्हटले. १९९६ मध्ये त्याने लिपस्टाट आणि त्यांचे प्रकाशक पेंग्विन यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार आपले विधान खरे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे प्रतिवादींवर होते. जानेवारी २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. प्रतिवादींनी छावण्यांतून वाचलेल्यांना साक्षीला बोलावले नाही. त्यांनी वेगळा मार्ग घेतला. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी सहायकांसह दोन वर्षांहून अधिक काळ अर्व्हिंगच्या तळटिपांचा माग मूळ कागदापर्यंत काढला.

दोन नमुने पुरेत. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी हिमलरने केलेल्या दूरध्वनीची हस्तलिखित नोंद आहे : बर्लिनहून निघालेल्या ज्यूंच्या एका गाडीतील लोकांना मारू नये. अर्व्हिंगने यावरून लिहिले की हिटलरने ज्यूंना मारू नये असा सरसकट हुकूम दिला होता. प्रत्यक्षात नोंद एका गाडीपुरती होती, त्यात हिटलरचे नाव नव्हते, आणि त्या गाडीतले लोक त्याच सकाळी रिगाजवळ मारलेही गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी जागेवरच राहावे असे होते. त्यातला ‘हाबेन’ हा शब्द अर्व्हिंगने ‘युडेन’, म्हणजे ‘ज्यू’, असा वाचला.

दुसरा नमुना ड्रेस्डेनचा. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी हे शहर जाळले. किती माणसे मेली? अर्व्हिंगने आपल्या १९६३ च्या पुस्तकात १,३५,००० हा आकडा दिला, आणि पुढे २,०२,०४० असा आकडा असलेला पोलिसांचा एक आदेश पुढे केला. पुढे अस्सल कागद मिळाले. त्यांत आकडा होता २०,२०४. कोणी तरी शेवटी एक शून्य जोडले होते. १९६६ मध्ये पोलिसांचा एक खरा अहवाल उजेडात आला तेव्हा अर्व्हिंगने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून चूक मान्यही केली, तरी फुगवलेले आकडे त्याच्या पुढच्या लिखाणात येतच राहिले. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये निष्कर्ष दिला तो कमाल २५,००० मृतांचा. पंचवीस हजार माणसे होरपळून मरणे हे काही कमी भीषण नाही. पण मित्रराष्ट्रांचे पाप दहापट मोठे दाखवले की नाझींचे आपोआप लहान दिसू लागते, आणि शून्य वाढवण्याचा हेतू तोच असतो.

११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी तीनशेहून अधिक पानांचे निकालपत्र दिले. अर्व्हिंगने आपल्या विचारसरणीसाठी पुरावा सातत्याने आणि जाणूनबुजून वाकवला, असा त्यांचा निष्कर्ष होता. निकालातला एक मुद्दा विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने फळ्यावर लिहावा असा आहे. चुका कोणाच्याही हातून होतात. पण प्रामाणिक चुका दोन्ही बाजूंना पडतात. कधी मोजमाप जास्त येते, कधी कमी. अर्व्हिंगच्या चुका मात्र एकाच दिशेला, हिटलरला सोडवण्याच्या दिशेला, पडत होत्या. प्रयोगशाळेत आपण यादृच्छिक त्रुटी आणि पद्धतशीर त्रुटी असा भेद करतो, तोच हा. वाचने सरासरीच्या दोन्ही अंगांना विखुरली असतील तर हात थरथरला असे म्हणू; सगळी एकाच अंगाला गेली असतील तर उपकरणात खोट आहे. येथे उपकरण म्हणजे लेखकाचे मन.

वर्गात काय करावे

२००३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी इराकवरील युद्धाच्या कारणांविषयी शंका घेणाऱ्यांना ‘रिव्हिजनिस्ट इतिहासकार’ म्हटले. तेव्हा अमेरिकन इतिहास संघटनेचे अध्यक्ष जेम्स मॅकफर्सन यांनी त्यावर लिहिले, की भूतकाळाचा सतत फेरविचार हेच तर इतिहासकाराचे काम आहे. ते बरोबरच बोलले. पण नाकारणारेही नेमके हेच वाक्य ढालीसारखे पुढे करतात : इतिहास सतत बदलतो, मग आमची आवृत्ती का नको? मोबाइलवर रोज येणाऱ्या ‘दडवलेल्या इतिहासा’च्या संदेशांमागेही हाच युक्तिवाद असतो. मुले ते वर्गात घेऊन येतात आणि शिक्षकाला विचारतात. अशा वेळी ‘पुस्तकात आहे तेच खरे’ हे उत्तर चुकीचे, आणि ‘प्रत्येकाचे आपापले मत’ हे त्याहून चुकीचे.

त्याऐवजी चार प्रश्न मुलांच्या हाती द्यावेत. पहिला : मूळ कागद, वस्तू किंवा मोजमाप दाखवले आहे का, आणि दुसऱ्याला ते तपासता येते का? दुसरा : विरुद्ध जाणारा पुरावा मांडून त्याचे उत्तर दिले आहे, की तो गाळला आहे? तिसरा : चुका असतील तर त्या दोन्ही बाजूंना आहेत, की सगळ्या एकाच बाजूला? चौथा : काय सापडले तर आपले मत बदलेल, हे लेखक सांगू शकतो का? जेधे शकावलीवरून निघालेली तारीख या प्रश्नांना उतरते. बर्नस्टाइन बराचसा उतरतो, आणि चुकतो तेव्हाही तपासता येईल असा चुकतो. चिकटवलेले पत्र आणि जोडलेले शून्य पहिल्याच प्रश्नाला अडखळतात.

हे प्रश्न आपल्याला नावडत्या मतालाच लावायचे नाहीत, हेही मुलांना सांगावे. आवडत्या मताला ते आधी लावावेत. क्विग्नेने तेच केले होते. त्याला ड्रेफस दोषीच हवा होता, तरी रेघांचे दोन रंग दिसल्यावर त्याने दिवा विझवला नाही.